अभंग पाडावा घरच्या घरी

पहाटे साडेपाचला घरच्या ग्रुपवर पहिला मेसेज आपला पडायला हवा, आणि नुसत्या 'शुभ सकाळ'ला हल्ली कोणी विचारत नाही. वर कमळ, मध्ये चार ओळी, खाली वीणा-चिपळ्या घेतलेले तुकोबा एवढा ऐवज लागतो. कमळ फुकट मिळतं, तुकोबांचं चित्रही मिळतं. गाडी अडते ती चार ओळींपाशी.

अशा वेळी गाथा उघडण्याची चूक करू नका. तिच्यात साडेचार हजारांच्या वर अभंग आहेत आणि कुठलं पान उघडेल याचा काही भरवसा नाही. समजा, नातेसंबंधांवर काहीतरी गोड हवं म्हणून तुम्ही शोधायला बसलात आणि हाती लागलं 'बाईल मेली मुक्त जाली । देवें माया सोडविली'. हे साडूच्या लग्नाच्या वाढदिवसाला कसं पाठवणार? व्यापारी मित्रांच्या ग्रुपसाठी म्हणून पुढे गेलात तर 'बरें जालें देवा निघालें दिवाळें' आडवं येतं. फार तर 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें' उपयोगी पडेल. पण तिथेही पुढे लगेच 'उदास विचारें वेच करी' आहे. गुंतवणूक सल्लागार ही दुसरी ओळ कापतात ते उगाच नाही. मन अलिप्त ठेवून पैसा खर्चून टाका, असं गिऱ्हाइकाला सांगून कुठल्या योजनेचा हप्ता सुरू होतो?

तेव्हा माल घरीच तयार करावा. कृती अवघड नाही.

आधी माप. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण, अक्षरं सहा-सहा-सहा-चार, एकूण 22. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं जुळवायचं. पहिला चरण मोकळा, चौथाही मोकळा. 'सुंदर तें ध्यान । उभें विटेवरी । कर कटावरी । ठेवोनियां' हे बोटांवर मोजून पाहा, म्हणजे साचा बसेल. लहान अभंग आठ-आठ अक्षरांचा आणि यमक शेवटी: 'जे का रंजले गांजले । त्यासी म्हणे जो आपुले'. नवशिक्यांनी मोठ्यापासून सुरुवात करावी. त्यात चौथ्या चरणाला चारच अक्षरं लागतात, आणि 'तुका म्हणे' ही नेमकी चार आहेत. म्हणजे चारातला एक चरण फुकटात सुटला. खुद्द तुकोबांनीही 'असाध्य तें साध्य । करितां सायास । कारण अभ्यास । तुका म्हणे' असं केलंय, त्यामुळे कोणी नाक मुरडणार नाही.

मोजताना जोडाक्षर एकच धरायचं. आणि इथेच मराठी भाषेने तुमच्यासाठी एक सोय करून ठेवली आहे. 'सकारात्मकता' हा शब्द मोजा. स, का, रा, त्म, क, ता. सहा! अख्खा चरण एका शब्दात. आता खाली फक्त यमक लावायचं:

सकारात्मकता । ठेवावी अंतरी ।
सुख तुझ्या घरी । तुका म्हणे ॥

झाला. एवढ्याला लागली तीन मिनिटं, त्यातलं एक कमळ निवडण्यात गेलं. सतराव्या शतकात देहूच्या वाण्याला सकारात्मकता कुठून ठाऊक, असं एखादा मराठीचा निवृत्त मास्तर विचारील. त्याच्यासाठी जुनेपणाचा हात फिरवावा. प्रत्येक एकाराच्या डोक्यावर अनुस्वार द्या, 'झालं'चं 'जालें' करा, 'पण'चं 'परी' करा. अक्षरं कमी पडली तर भरणीचा माल तयार ठेवा: एक अक्षर हवं तर 'गा', 'बा' किंवा 'रे', दोन हवीत तर 'जाण' किंवा 'पाहें', तीन हवीत तर 'साचार'. 'साचार' म्हणजे काय हे ग्रुपमध्ये कोणीही विचारणार नाही. विचारण्यात कमीपणा असतो.

संत निवडताना मात्र थोडी जाण हवी. समर्थांच्या वाटेला जाऊ नका. मनाचे श्लोक 205 आहेत आणि सगळे भुजंगप्रयात वृत्तात. चरणाला बारा अक्षरं, तीही लघु-गुरु-गुरु अशा चार चौकटींत. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावें' म्हणताना जीभ आपोआप ठेक्यात पडते, आणि तुमच्या सकारात्मकतेने तो ठेका जिथे मोडेल तिथे शाळकरी पोरगंही अडखळेल. एकनाथांची मुद्रा, म्हणजे अभंगातली सही, 'एका जनार्दनी' अशी, म्हणजे सहा अक्षरं खर्ची पडतात. जनाबाई महिला दिनासाठी राखून ठेवावी. बहिणाबाईंच्या बाबतीत एकच काळजी: तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई वेगळ्या आणि जळगावच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, मध्ये जवळजवळ अडीचशे वर्षं. 'ज्ञानदेवें रचिला पाया' पहिलीचं, 'अरे संसार संसार' दुसरीचं. अर्थात एकीच्या ओळींखाली दुसरीचा फोटो लावलात तरी अंगठे तेवढेच येतील.

खरा अभंग वापरायचाच झाला तर तो थोडा सैल करून वापरावा. तुकोबा म्हणतात, 'भले तरी देऊं कासेची लंगोटी । नाठाळाचे काठी देऊं माथां'. (जुन्या प्रतींत 'कासेची'च्या जागी दुसरा शब्द आहे. तो काकूंच्या ग्रुपवर चालणारा नाही.) यात 'लंगोटी'ला 'काठी' जुळते. आपण मात्र वर्षानुवर्षं 'नाठाळाचे माथी हाणू काठी' म्हणतो. अक्षरं तेवढीच, सहा आणि चार, पण यमकाच्या जागची काठी उचलून शेवटी नेऊन ठेवली आणि 'लंगोटी'समोर 'माथी' उभी केली. भाषणात हेच जास्त चालतं, कारण काठी शेवटी आली की टाळी पडते. तसंच 'नाहीं निर्मळ जीवन । काय करील साबण' हे. इथे जीवन म्हणजे पाणी. पाणीच गढूळ असेल तर साबणाने काय होणार, असा रोकडा घरगुती मुद्दा आहे, आणि मनाची गोष्ट 'तैसी चित्तशुद्धी नाहीं' म्हणत पुढच्या ओळीत येते. पण पुढच्या ओळीपर्यंत थांबायला वेळ कुणाला आहे? म्हणून आपण पहिल्याच ओळीत 'नाही निर्मळ मन' करून टाकलं. उपमा गेली, एक अक्षर गेलं, संदेश राहिला.

कोणी पुरावा मागितला तर घाबरू नका. शांतपणे एक क्रमांक सांगा, चार हजारांच्या आतला. शोधणारा सरकारी गाथा काढील, 1950 सालची. त्यात तो अभंग नसेल. मग म्हणायचं, 'दुसऱ्या गाथेत पाहा, क्रमांक वेगळे असतात'. हे खरंही आहे, एका गाथेतला क्रमांक दुसरीत जुळेलच असं नाही. तिसऱ्या गाथेपर्यंत सहसा कोणी जात नाही. गेलाच तर 'पाठभेद' हा शब्द वापरा. या एका शब्दाखाली काहीही खपतं. अगदीच गळ्याशी आलं तर 'आधी बीज एकले'चं उदाहरण द्या. ते शांताराम आठवल्यांनी 1936 सालच्या प्रभातच्या चित्रपटासाठी लिहिलं आणि लोक आजही ते गाथेत शोधतात. आठवल्यांनी ते गीतकार म्हणून लिहिलं होतं आणि त्यांना तुकोबा पाठ होते, हे दोन तपशील सांगायची गरज नाही.

या धंद्याला परंपराही आहे, फक्त तिची दिशा आता बदलली. तुकोबांच्याच काळात सालोमालो नावाचे कोणी होते. ते तुकोबांचे अभंग उचलायचे आणि स्वतःच्या नावावर खपवायचे. 'म्हणती एकाचें आपुलें', 'मोडुनि संतांचीं वचनें । करिती आपणां भूषणें' अशी तक्रार गाथेत नोंदलेली आहे. तुमच्यावर हा आळ येऊच शकत नाही. सालोमालो तुकोबांचं घेऊन आपलं नाव लावायचा, तुम्ही आपलं देऊन तुकोबांचं नाव लावता. त्याने काढून घेतलं, तुम्ही भर घालताय. गाथा तेरा दिवसांनी इंद्रायणीतून कोरडी वर आली म्हणतात. तुमच्या ओळी बुडवायची सोयच नाही, त्या दर आषाढीला पुन्हा वर येतात.

तुकोबांच्या धाकट्या भावाला, कान्होबांना, हे सुचलं नाही. ते बिचारे आपल्या अभंगांत 'तुकयाबंधु म्हणे' अशी सही करत राहिले. सख्खा भाऊ, एकच घर, एकच विठोबा. नुसतं 'तुका म्हणे' लिहिलं असतं तरी कोण विचारणार होतं? शिवाय तीन अक्षरं वाचली असती.

एकच ओवी जपून हाताळा. ज्ञानेश्वरी झाली शके 1212 मध्ये. नकला होता होता तिच्यात लोकांनी आपापली भर घातली, आणि शके 1506 मध्ये एकनाथांना बसून पाठ शुद्ध करावा लागला. शेवटी त्यांनी लिहून ठेवलं: 'ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली'. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. ही ओवी जशीच्या तशी पुढे पाठवणं तुमच्या हिताचं नाही. पण ओवीच्या चौथ्या चरणाला यमक लागत नाही, आणि 'नरोटी'ची अक्षरं तीन. 'जिलेबी'चीही तीनच. बदलून घ्या, सांधा दिसणार नाही:

तेणें अमृताचे ताटीं ।
जाण जिलेबी ठेविली ॥

वर कमळ, खाली शुभ सकाळ.