पोरीला उपाशी ठेवून चिप्स सुटत नाहीत

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. सोसायटीच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, मावसबहिणीकडून, आणि पर्वती पायथ्याच्या ज्या अंगणवाडीत मी दर शनिवारी मुलांची वजनं घ्यायला जाते तिथल्या एका आईकडून. पहिले तीन वाचून सोडून दिले. चौथ्याच्या खाली तिने विचारलं होतं, "ताई, मग मोठीला तीन दिवस जेवायला नको देऊ का?" म्हणून हे लिहायला बसले.

मेसेज थोडक्यात असा: 'फूड अ‍ॅडिक्शन हा खात्यापित्या घरचा रोग आहे, गरिबाच्या पोरांना तो होत नाही. साखर कोकेनसारखी आहे हे अमेरिकेत उंदरांवर सिद्ध झालंय. मूल चिप्स-बिस्किटं सोडत नसेल तर तीन दिवस फक्त पाण्यावर ठेवा. मेंदूतलं व्यसनाचं प्रोटीन जळून जातं, नर्व्ह सेल नवीन तयार होतात. नोबेल मिळालेलं संशोधन आहे. खात्री करायची तर रक्त तपासा.'

आधी ते 'व्यसनाचं प्रोटीन' घेते, कारण वाचणारा तिथेच दबतो. असं एक प्रथिन खरंच आहे, डेल्टा-फॉसबी. मेंदूच्या आत खोलवर न्यूक्लिअस अ‍ॅक्युम्बेन्स नावाचा भाग असतो. आवडीची गोष्ट मिळाली की तिथे डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि 'पुन्हा हवं' ही ओढ तयार होते. तोच अनुभव वारंवार आला की तिथल्या चेतापेशींत हे प्रथिन थोडं थोडं साठत जातं. त्याच्या कुळातली बाकीची प्रथिनं काही तासांत मोडून जातात. पेशी ज्या टोकाला धरून प्रथिनाची विल्हेवाट लावते ते टोक याला नसतं, म्हणून हे टिकतं. उंदरांच्या मेंदूत ते निम्म्यावर यायला साधारण 8 दिवस लागतात. तुम्हीच हिशोब करा, तीन दिवसांनी तीन चतुर्थांशाहून जास्त प्रथिन जागच्या जागी असतं.

आणि ते कमी होईल हे तरी कशावरून? 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना रोजच्यापेक्षा कमी खायला दिलं होतं. नेमक्या याच भागात त्यांचं डेल्टा-फॉसबी वाढलं, आणि तेलकट-तुपकट खाण्यासाठीची त्यांची धडपडही वाढली. उपासमारीत ते जळालं नाही, साठलं. त्याचं कारण शरीरातच आहे. पोट रिकामं राहिलं की रक्तात घ्रेलिन हे भूक वाढवणारं संप्रेरक चढतं, चरबी उतरली की लेप्टिन हे भूक आवरणारं संप्रेरक घटतं, आणि हे दोन्ही निरोप थेट डोपामिनच्या पेशींपर्यंत पोचतात. भुकेल्या जिवाला अन्न जास्त खुणावावं अशीच ही व्यवस्था आहे. ती नसती तर दुष्काळात माणूस चार कोस चालून कंदमुळं शोधायला गेलाच नसता.

याला 'व्यसनाचं' प्रोटीन म्हणणंही बरोबर नाही. चाकावर रोज आवडीने पळणाऱ्या उंदरांतही ते वाढतं. आणि रक्त तपासण्याचं म्हणाल तर ते चेतापेशीच्या केंद्रकात असतं. प्रयोगशाळेत ते मेंदूचे पातळ काप रंगवून पाहतात, बोटाला सुई टोचून ते कळत नाही. कुणी त्या नावाखाली पैसे मागितले तर कृपा करून देऊ नका.

आता साखर आणि कोकेन. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ज्या प्रयोगांवरून ही बातमी जगभर गेली, त्यातला अर्धा भाग मेसेजमधून गळाला आहे. त्या उंदरांना रोज 12 तास उपाशी ठेवायचे आणि मग खाद्याबरोबर साखरेचं पाणी द्यायचे. अधाशासारखं पिणं, साखरेचं पाणी काढून घेतल्यावर थरथरणं हे त्या उंदरांत दिसलं. ज्यांच्यासमोर साखरेचं पाणी आणि खाद्य सदैव होतं, त्यांच्यात तसं झालं नाही. म्हणजे ज्या प्रयोगाचा हवाला देऊन मुलांना उपाशी ठेवा म्हणतात, त्या प्रयोगातच ओढ लावणारी अर्धी गोष्ट उपास होती.

माणसांचं काय? 1945 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुण स्वेच्छेने 24 आठवडे अर्धपोटी राहिले. वजन जवळजवळ पाव भागाने उतरलं. त्यांच्या डोक्यात दिवसरात्र अन्न घोळू लागलं. पाककृतींची पुस्तकं जमवायचे, ताटल्या चाटायचे. निर्बंध उठल्यावर काहीजण पोट तुडुंब भरेपर्यंत खायचे आणि तरी भूक भागली नाही म्हणायचे.

'गरिबाच्या पोरांना होत नाही' या वाक्याने मला सर्वात जास्त त्रास झाला. ते पुण्यात फिरतंय म्हणून अधिकच. याच शहरातल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्या बायकांचं वजन सरासरी 42 किलोच्या आसपास, बाळांचं 2.7 किलो. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं 3.5 किलोची. आपली बाळं स्नायूंनी, पोटाने लहान होती, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. दिसायला हडकुळं आणि आतून चरबी धरून ठेवणारं बाळ. आईच्या पोटात असतानाच शरीर टंचाईचा हिशोब मांडून बसतं. या अभ्यासात कुणी मुलांची खाण्याची ओढ मोजलेली नाही, तेव्हा तसा निष्कर्ष त्यातून मी काढणार नाही. पण प्राण्यांत ती मोजली आहे. गाभणपणात आणि दूध पाजताना ज्या माद्यांना प्रथिनं कमी मिळाली, त्यांची पिल्लं मोठी झाल्यावर चमचमीत खाणं समोर येताच जास्त खात होती, आणि न्यूक्लिअस अ‍ॅक्युम्बेन्समधल्या जास्त पेशी जाग्या होत होत्या.

नोबेलचं उत्तर लहान आहे. 2016 चं नोबेल योशिनोरी ओसुमी यांना मिळालं ते पेशी आपलाच टाकाऊ माल कसा मोडून वापरते या शोधासाठी, आणि तो शोध यीस्टवर लागला. मुलाच्या मेंदूत उपासाने नवीन चेतापेशी उगवतात असं त्यात कुठेही नाही. उलट, तीव्र कुपोषणात दगावलेल्या तान्ह्या बाळांच्या मेंदूत चेतापेशींच्या फांद्या आखूड आणि त्यावरचे बारीक काटे कमी आढळले आहेत. चेतातंतूंवरच्या आवरणासाठी बी-12 जीवनसत्त्व लागतं, आणि त्या सहा गावांत जवळजवळ दोन तृतीयांश आयांमध्ये ते कमी होतं. ज्यांचं फारच कमी होतं त्यांची मुलं नवव्या वर्षी एकाग्रतेच्या आणि स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडली.

मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे: पुड्यातले पदार्थ हात थांबू नये असेच बनवलेले असतात. मोठ्या माणसाने एकादशी करावी, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. वाढत्या मुलाची गोष्ट वेगळी.

त्या आईची मोठी मुलगी तिसरीत आहे. धाकट्या भावाला न्यायला अंगणवाडीत येते तेव्हा हातात पाच रुपयांचा पुडा असतो. तो ती अगदी सावकाश खाते. संपला की कडेने उसवून सपाट करते, कोपऱ्यातला मसाला करंगळीने काढते, आणि रिकामा कागद घडी घालून कंपासमध्ये ठेवते. मी एकदा का म्हणून विचारलं. म्हणाली, "वास येतो त्याला." आई साडेसहाला धुण्याभांड्याला बाहेर पडते. सकाळी पोटात चहा आणि दोन खारी, दुपारी शाळेची खिचडी, मग रात्री नऊपर्यंत काही नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "भात शिजायला वेळ लागतो ताई, पुडा लगेच फुटतो."

तिच्या मेसेजला मी उत्तर दिलं की एकही जेवण बंद करायचं नाही. सकाळी चहाबरोबर रात्रीची पोळी, तिला दूध किंवा दही लावून. चार वाजता शेजारच्या आजींकडे भिजवलेले हरभरे किंवा शेंगदाणे-गुळाची वाटी ठेवून जा, आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं. शनिवारी दोघांनाही घेऊन या, मोठीचंही वजन करू.

तिने लगेच विचारलं, "आणि पुडा? तो आजपासून बंद?"

मी लिहिलं, "आज नको. आधी चार वाजताची वाटी सुरू करा."