‘दात एक, पैसे तिघांचे’ या रिव्ह्यूला दवाखान्याचं उत्तर

नमस्कार. एक स्टार देऊन तुम्ही तीन तक्रारी मांडल्यात: आईंची पडलेली दाढ एक, पण पैसे तीन दातांचे, शेजारचे चांगले दात घासले, आणि ब्रिज बसवून आठ महिने होताहेत तोच तिथून वास यायला लागला. आईंच्या केसपेपरवरचं काही मी चारचौघांत लिहिणार नाही. बाकी बोलतो.

ब्रिज म्हणजे तीन दातांचा एक सलग तुकडा. दोन बाजूंच्या दातांवर कॅप, मध्ये खोटी दाढ. लॅबसुद्धा आमच्याकडून तीन युनिटचेच पैसे घेते. पण हे तुम्हाला पावती फाडताना कळलं, ती चूक आमची. आता खर्च आधीच कागदावर लिहून देतो.

दात घासले, हे खरं. कॅपच्या जाडीसाठी सगळ्या बाजूंनी एक ते दोन मिलिमीटर जागा करावी लागते आणि घासलेलं परत येत नाही. शेजारचे दात धडधाकट असतील, हाड पुरेसं असेल, तर मीही आधी इम्प्लांटच, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, सुचवतो. पण त्याच दातांत मोठी फिलिंग असतील तर आज ना उद्या त्यांना कॅप लागणारच असते, मग ब्रिजचा विचार होतो. हे मी आईंना समजावलं ते खुर्चीत आडवं झोपवून, गालात कापूस ठेवलेला असताना. तशात माणूस ‘हं’ शिवाय काय म्हणणार? तुम्हाला आत बोलावून, प्लास्टरचं मॉडेल हातात देऊन बोलायला हवं होतं. चुकलंच.

वासाचं मात्र लांबवू नका. खोट्या दाढेखाली ब्रश पोचत नाही, अन्न अडकतं. त्यासाठी सुपरफ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, असतो: कडक टोक सुईसारखं खालून ओवायचं आणि फुगीर भाग मागेपुढे फिरवायचा. पण कधी कधी एका बाजूचं सिमेंट सुटतं आणि दुसऱ्या बाजूच्या जोरावर ब्रिज जागच्या जागी राहतो. आत दात किडत जातो, आणि त्याचं रूट कॅनाल झालेलं असेल, म्हणजे आतली नस काढलेली असेल, तर दुखतही नाही. अशा वेळी बोटानं दाबलं की कॅपच्या कडेला थुंकीचे बुडबुडे येतात.

म्हणून रिव्ह्यू राहू दे तसाच, आईंना याच आठवड्यात घेऊन या. तपासणीचे पैसे नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं असलं तरी हरकत नाही. एक्स-रे आणि मॉडेल काउंटरवर काढून ठेवायला सांगितलंय.