शेगडीच्या डोक्यावर कपाट नकोच

मॉड्युलर किचनच्या चित्रात वरच्या कपाटांची सलग रांग देखणी दिसते. सगळ्यांची खालची कड एका रेषेत, मधे कुठे खंड नाही. आणि त्याच रांगेखाली शेगडी! माझं स्पष्ट मत आहे की ही रांग शेगडीपाशी तुटायलाच हवी. तिथे चिमणी बसवा, नाहीतर भिंत मोकळी सोडा. सामान ठेवायला जागा पुरत नाही म्हणून तिथे कपाट ठोकणं मला अजिबात पटत नाही.

साधा हिशोब आहे. ओटा आणि वरची कपाटं यांच्यात एरवी १८ ते २४ इंच सोडतात. पण शेगडीवर उघडं लाकूड किंवा प्लाय येणार असेल, तर अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमावलीत निदान ३० इंच, म्हणजे साधारण ७६ सेंटीमीटर, अंतर सांगितलंय. तीच रांग सरळ पुढे नेली की हे अंतर कमी पडणारच. मोजायचं तेही शेगडीच्या वरच्या पृष्ठभागापासून कपाटाच्या सगळ्यात खालच्या भागापर्यंत. खाली लाइटची पट्टी असेल तर तिच्यापर्यंत.

भांड्यातलं तेल धुरायला लागल्यावरही गॅस चालूच राहिला, तर ते ज्वाळेचा स्पर्श न होता आपोआप पेट घेतं. भांड्याची उंची धरली तर ती ज्वाळा कपाटाच्या तळाला किती लवकर पोचेल याचा विचार करा. त्या तळावर तेलकट वाफेचा चिकट थर बसलेला असतोच, आणि तोही जळतो. आग लागली नाही तरी रोजच्या उष्णतेने लॅमिनेट सुटतं, कडेच्या पट्ट्या उकलतात, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) वाफेने फुगतं. वर्षानुवर्षं तापलेलं लाकूड तर नव्या लाकडापेक्षा कमी उष्णतेलाही पेटू शकतं.

"खालून स्टीलचा पत्रा मारून देतो, काही होत नाही," असं सुतार सांगतात. नुसता पत्रा तापतो आणि उष्णता मागच्या लाकडाला देतो. पत्र्यामागे उष्णतारोधक बोर्ड हवाच.

इंडक्शनला ज्वाळा नसते, म्हणून कपाट चालेल असंही ऐकते. ज्वाळा नसली तरी तेल तापतंच, वाफही वर जातेच.

चिमणीचंही अंतर असतं. साधारणपणे विजेच्या शेगडीवर ६५ आणि गॅसवर ७५ सेंटीमीटर सांगतात, पण शेगडी आणि चिमणी दोन्हींची माहितीपत्रकं वाचा आणि त्यांतलं मोठं अंतर धरा. हे कपाटांची ऑर्डर देण्याआधी करा, भोकं पाडून झाल्यावर नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती हात वर नेण्याची. पेटत्या बर्नरवरून वाकून डबा काढताना सैल बाही केव्हा ज्वाळेत जाईल, कळतही नाही. लहान मुलं तर खाऊ वर दिसला की ओट्यावर चढतात. शेगडीवरून हात न्यावा लागू नये म्हणून शेजारच्या कपाटांचे दरवाजेही उघडल्यावर शेगडीवर येणार नाहीत अशा बाजूला बिजागऱ्या लावून घ्या.

कपाट आधीच बसलेलं असेल तर आज टेप घेऊन मोजा. अंतर कमी भरलं तर कपाट काढून टाका. काढेपर्यंत त्यातले स्प्रेचे डबे, तेल, औषधं, कागद दुसरीकडे हलवा, तळ नियमित पुसा, आणि गॅसवर तेल ठेवून तिथून हलू नका.