"डिझाईन कुठाय?" म्हणे

माझी भाची आर्किटेक्चरला आहे. आज तिची ज्युरी होती, म्हणजे परीक्षकांपुढं आपलं डिझाईन मांडायचं. विषय, शहरातल्या नदीकाठचा हिरवा परिसर. बाकीच्यांनी लांबलांबच्या नद्या घेतल्या, हिनं आपल्या बेळगावचा बळ्ळारी नाला घेतला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शीटवर नजर टाकली आणि म्हणाले, "यात तू बांधलंयस काय? डिझाईन कुठाय?" पोरगी फोनवर रडायला लागली. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

काय केलं होतं तिनं? येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या भातशिवाराला हात लावला नाही. पावसाळ्यात नाला फुगला की पाणी पसरायला ती जागा तशीच ठेवली. बांध थोडे रुंद करून वर चालायची वाट. काठाला वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ. गावाचं सांडपाणी येतं तिथं आधी गाळ बसायला टाक्या, मग पाणी साफ करणाऱ्या पाणगवताची, पाणकणसाची, उथळ तळी. भात निघाला की त्याच ओलीवर मसूर आणि वाटाणा, आणि बांधावर शेंगा विकायला बसायची जागा. पाणी झेलणाऱ्या शेतकऱ्याला दरवर्षी भाडं! हे तर आपल्यातल्या एकाही शहाण्याला आजवर सुचलेलं नाही.

शाबासकी कुणाला मिळाली? ग्रॅनाईटच्या पायऱ्या, कारंजं आणि ओळीनं पाम लावणाऱ्यांना. सावली किती पडते हो पामची?

आमच्या आज्जाचं शेत वडगाव शिवारात होतं. मी लहान असताना एकदा नाला असा चढला की बांधाच्या कडेपर्यंत आला. आज्जानं खोरं घेतलं आणि आपल्याच शेताचा बांध फोडला. लालभडक पाणी बासमतीत शिरलं, त्यातून एक खेकडा तिरका तिरका माझ्या पायाशी आला. मी किंचाळले. आज्जा म्हणाला, "येऊदे की आत. इथं नाही आलं तर खालच्या घरात शिरतंय." माझ्या मते त्या दिवशी आज्जानं खोऱ्यानं जे केलं तेच आज पोरीनं कागदावर केलं.

सिंगापूरचं नाव काढलं की सगळे माना डोलावतात ना, मग तिथलंच सांगते. बिशान पार्कच्या कडेनं कलांग नदी 2.7 किलोमीटरच्या सरळ काँक्रीट गटारातून वाहत होती. त्यांनी ते काँक्रीट फोडलं, नदीला वळणं दिली, ती झाली सुमारे 3 किलोमीटर. 2012 ला पार्क खुलं झालं. एरवी लोक पाण्यात पाय बुडवतात, जोराचा पाऊस आला की इशारा देतात, लोक बाजूला होतात आणि नदी हिरवळीवर पसरते. फोडलेल्या काँक्रीटची त्यांनी टेकडी केली. आणि आपण इकडे भिंती बांधायला निघालोय.

साबरमतीच्या काठावर लोकांना फिरायला जागा झाली, ते मान्य. पण तिथं पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणून सोडावं लागतं. आपण कुठून आणणार? आपल्या पिण्याच्या पाण्याच्या राकसकोप धरणातून? आधी आमच्या नळाला रोज येऊदे.

हेही मान्य की नुसत्या पाणकणसानं अख्ख्या गावाची घाण साफ होत नाही, प्लांट लागतोच. आठवडाभर पाणी तुंबलं तर भातपीक कुजतं, तेही मी पाहिलंय. आज्जाच्या वेळी पाणी दोन दिवसांत उतरायचं, कारण पुढं नाला मोकळा होता. आता गाळ, केंदाळ, प्लास्टिक आणि काठावर भराव टाकून पाडलेले प्लॉट. (बायपासबद्दल आज बोलत नाही, बीपी वाढतं.) 2019 च्या ऑगस्टमधला पूर आठवतोय ना? पाण्याची वाट अडवून वर पाण्यालाच शिव्या घालतो आपण.

जाऊदे. भाचीला सांगितलं, शीट फाडू नकोस. रविवारी ये, दोघी शिवारात जाऊ, कुठला बांध किती रुंद करता येईल ते टेप घेऊन मोजू. म्हणाली, "मावशी, चिखल असणार." अगं असूदे की!

त्या परीक्षकांना कुणी ओळखत असेल तर ही पोस्ट त्यांना दाखवा. नको, थांबा, मार्क अजून लागायचेत.