चीनमधल्या शिआन टूरवरच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. 'मालक बसमध्ये सुभेदारांचं पुराण लावून बसले, तेही फुगवून. त्यात ह्वाछिंग महालाला जेमतेम पाऊण तास मिळाला. जेवणही साधंच.' महाल घाईत बघावा लागला, त्याबद्दल मनापासून माफी.

पण वेळेचं जरा सांगतो. मातीच्या सैनिकांच्या म्युझियमहून बस साडेबाराला सुटायची होती. तुम्ही आलात एक वाजून दहा मिनिटांनी, हातात घासाघीस करून घेतलेल्या सैनिकाचा खोका. तोवर बसमध्ये सतरा माणसं चुळबुळत होती, म्हणून मी माईक घेतला. पुराण लागलं ते तुमची वाट बघताना, सर. (बोल लावत नाही, फक्त सांगतोय.)

आणि 'फुगवून' हे मात्र लागलं. 'सुभेदार' मी सोयीसाठी म्हणालो, मूळ शब्द जिएदूशी. आधी नुसता सीमेवरचा सेनापती, मग हळूहळू फौज, वसुली, मुलकी कारभार सगळं त्याच्याच मुठीत. ७४२ च्या सुमारास चीनच्या तांग घराण्यातल्या बादशहाचे सीमेवर असे दहा सुभे होते, फौज मिळून ४,९०,०००. पुढे त्यातले तीन आन लुशान या एकट्या सेनापतीकडे गेले, म्हणजे १,८०,००० च्या वर माणूस. ७५५ मध्ये तो उलटला, आणि ती बातमी बादशहाला कळली तेव्हा तो ह्वाछिंगलाच होता. आपण तिथेच निघालो होतो ना? मग हे बसमध्ये नाही सांगायचं तर कुठे?

उतरताना तुम्ही म्हणालात, 'एवढं होतं तर नंतर काढून टाकायचं की त्यांना!' नाही हो काढता आलं. ७६३ मध्ये बंड मिटलं तेच मुळी शरण आलेल्या सरदारांना उत्तरेकडच्या हबेइ भागात सुभे देऊन. कर दरबारात पाठवायचा नाही, अंमलदार आपले आपण नेमायचे, बाप गेला की मुलगा बसणार, दरबाराने फक्त शिक्का मारायचा. ७८१ मध्ये बादशहाने एका मुलाला शिक्का नाकारला आणि लढाई पेटली. ती पसरत गेली, आणि ७८३ मध्ये मोहिमेवर निघालेली एक तुकडी राजधानीत जाडंभरडं जेवण वाढलं म्हणून बिथरली. बादशहालाच शहर सोडून पळावं लागलं. (तुमची जेवणाची ओळ वाचून आठवलं. आपल्या जेवणात बायकोने घरून आणलेलं मेतकूट आणि लसणाची चटणी होती, तेवढं लिहिलं असतंत तर बरं वाटलं असतं.) शेवटी ९०७ मध्ये तांग घराणं बुडवलं तेही एका जिएदूशीनेच. यात मी पदरचं काय घातलं?

आमचा धंदा म्हणजे मी आणि बायको, तिसरं कुणी नाही. तुमचा रिव्ह्यू वाचून दिवाळीच्या ग्रुपमधलं एक कुटुंब कालच 'बघतो, कळवतो' म्हणालं. पुढच्या वेळी ह्वाछिंगच्या वेळेचं काहीतरी करतो, माईकही आटोपता घेईन.

आणि हो, तुमचा तो मातीचा सैनिक बसमध्येच राहिला होता, तो मी जपून आणलाय. पत्ता मेसेज करा, कुरिअरचे पैसे नकोत. उजव्या हाताचा टवका उडालाय, पण तो खोका उघडला तेव्हापासूनच आहे.