काढणीआधीच्या फवारणीने डाळिंबातील काळी कूज बरी होत नाही

‘काढणीला आठ दिवस उरले की कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक दुप्पट मात्रेने फवारा, ते आंतरप्रवाही असल्याने दाण्यापर्यंत पोहोचते आणि आतली काळी कूज बरी करते,’ असा सल्ला जालना, बीड भागातील डाळिंब बागायतदारांच्या मोबाइलवर सध्या फिरत आहे. तो मुळापासून चुकीचा आहे.

पहिली चूक औषधाचीच आहे. ही कूज मुख्यतः अल्टरनेरिया बुरशीमुळे होते, काही वेळा ॲस्परजिलसमुळेही. कार्बेन्डाझिम ज्या बेन्झिमिडाझोल गटातले आहे, त्या गटाला अल्टरनेरिया मुळातच दाद देत नाही. मग मात्रा दुप्पट करून खर्चाखेरीज काय वाढणार?

‘आंतरप्रवाही’ या शब्दाचाही येथे भलताच अर्थ लावला आहे. अशी औषधे झाडात शोषली जातात खरी, पण प्रामुख्याने पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर, पानांकडे जातात. जाड सालीच्या पक्व फळात, पातळ पडद्यांनी वेगळ्या केलेल्या कप्प्यांतील दाण्यांपर्यंत ती उपयोगी पडेल इतक्या प्रमाणात पोहोचत नाहीत, आणि पोहोचली असती तरी काळा पडलेला दाणा पुन्हा लाल झाला नसता.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वेळेचा आहे. बुरशीचे बीजाणू फुलोऱ्यातच आत शिरतात आणि फळ वाढत असताना कित्येक आठवडे निपचित राहतात. माझ्या बागेतले एक फळ कापले, तेव्हा साल तुकतुकीत लाल, कुठेही छिद्र नाही; मात्र आतला एक कप्पा काजळी भरल्यासारखा काळा आणि पडद्यापलीकडचे दाणे टपोरे, रसदार. मुकुटाच्या पोकळीत वाळलेले पुंकेसर तसेच होते, आणि बुरशीचा शिरकाव तेथूनच होतो. म्हणून फवारणी करायचीच असेल, तर ती फुलोऱ्यात, अल्टरनेरियावर चालणाऱ्या आणि डाळिंबासाठी शिफारस असलेल्या औषधाची करावी. तीही संपूर्ण संरक्षण देत नाही, हे मी आवर्जून सांगतो, कारण फुले एकाच दिवशी उमलत नाहीत.

फळात उरणाऱ्या औषधाच्या अवशेषांचा प्रश्न वेगळाच. युरोपीय संघात कार्बेन्डाझिमची मान्यता २०१४ मध्येच संपली आहे. काढणीच्या तोंडावर ते फवारलेला माल निर्यातीसाठी देणे म्हणजे तो नाकारला जाण्याची जोखीम स्वतःहून ओढवून घेणे होय.

आपल्याकडे मृग बहाराचा, म्हणजे जून-जुलैमध्ये येणारा, फुलोरा पावसात सापडतो आणि ओलाव्यात बुरशीला वाव मिळतो, त्यामुळे ज्या बागेत ही कूज वारंवार दिसते तेथे आंबे बहाराचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलोरा धरण्याचा, विचार जरूर करावा, अर्थात उन्हाळ्यात पुरेल इतके पाणी विहिरीत असेल तरच. मागच्या हंगामातील वाळलेली फळे आणि मेलेल्या फांद्या ताणाच्या काळातच (बहार धरण्यापूर्वी बागेचे पाणी तोडतात तेव्हा) बागेबाहेर नेऊन नष्ट कराव्यात. काढणीत रंगाने फिकट, हाताला हलकी लागणारी फळे वेगळी काढावीत आणि क्रेट भरण्यापूर्वी प्रत्येक प्लॉटमधील काही फळे व्यापाऱ्यासमोरच कापून पाहावीत.