हेतू वाईट नव्हता, मग?

रेगन यांच्या १९८० च्या एका भाषणात गोऱ्या मतदारांना वंशाबाबतचा छुपा इशारा होता, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: रोनाल्ड रेगन, तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार, दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात 'राज्यांच्या हक्कां'बद्दल (राज्यांच्या कारभारात केंद्राने ढवळाढवळ करू नये, याबद्दल) बोलले, त्यात वंशद्वेष शोधणं म्हणजे त्यांच्या मनात डोकावल्याचा आव आणणं. सत्तेच्या विकेंद्रीकरणाची भूमिका ते आधीपासूनच मांडत होते, हेही तुम्ही लिहिलंय.

हे दुसरं मला पूर्ण मान्य. ते ढोंग नव्हतंच. पण 'रेगन वंशद्वेष्टे होते' असा निकाल मी कुठे दिलाय? मनात काय होतं ते त्यांनाच ठाऊक. राजकीय भाषण म्हणजे काही गप्पांच्या ओघात निसटलेलं वाक्य नव्हे. कुठे बोलायचं हे ठरवलेलं असतं, समोर कोण असणार हेही माहीत असतं. तपासता येतं ते एवढंच, आणि तेवढं पुरतं.

३ ऑगस्टची ती सभा नेशोबा काउंटीच्या जत्रेत झाली. उमेदवारी मिळून तीन आठवडेही झाले नव्हते. तिथून काही मैलांवर फिलाडेल्फिया नावाचं छोटं गाव आहे (पेनसिल्व्हेनियातलं प्रसिद्ध शहर नव्हे). जून १९६४ मध्ये त्याच परिसरात कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीतल्या तीन तरुण कार्यकर्त्यांचा कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवर्चस्ववादी संघटनेच्या लोकांनी खून केला. मृतदेह सापडले ४ ऑगस्टला, एका मातीच्या धरणात पुरलेले. आणि 'राज्यांचे हक्क' म्हणाल, तर १९४८ मध्ये दक्षिणेतले नेते स्ट्रॉम थर्मंड वर्णविभाजनाच्या (गोरे आणि कृष्णवर्णीय वेगळे ठेवण्याच्या) बाजूने राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, त्या पक्षाच्या नावातच हे शब्द होते. जत्रेला जमलेल्या गोऱ्या मतदारांना त्याचा अर्थ (वर्णविभाजनात केंद्राने हात घालू नये) उलगडून सांगायची गरज नव्हती. भाषणात विनोद होते, अर्थव्यवस्था होती. त्या तिघांबद्दल चकार शब्द नव्हता.

रिपब्लिकन रणनीतीकार ली ॲटवॉटर यांची १९८१ ची मुलाखत तुम्ही 'सोयीस्कर पुरावा' म्हणून उडवून लावलीत. त्यात ते सांगतात की १९५४ मध्ये कृष्णवर्णीयांना उघड शिवी चालायची, १९६८ पर्यंत ती अंगाशी येऊ लागली, मग भाषा 'राज्यांच्या हक्कां'वर आणि पुढे करकपातीवर सरकली. रेगनना १९८० मध्ये वंशाचा मुद्दा वापरावा लागला नाही, असंही ते त्याच मुलाखतीत म्हणतात. तुमच्या बाजूचं ते वाक्य तुम्ही कसं सोडलंत, कोण जाणे! पण शब्द का बदलले याची आतल्या माणसाने दिलेली कबुली त्याने पुसली जात नाही.

हेतूचीच फूटपट्टी लावायची, तर सिनेटमधले रिपब्लिकन नेते, मिसिसिपीचे ट्रेंट लॉट यांचं काय करायचं? डिसेंबर २००२ मध्ये थर्मंड यांच्या शंभराव्या वाढदिवशी ते म्हणाले की १९४८ मध्ये मिसिसिपीने थर्मंडना मत दिलं याचा अभिमान आहे, देशानेही तेच केलं असतं तर एवढे प्रश्न उभे राहिले नसते. म्हाताऱ्याचं मन राखायचं होतं, बस्स. द्वेष कुठेच नाही. तरी त्याच महिन्यात सिनेटमधलं नेतेपद सोडावं लागलं, आणि दबाव त्यांच्याच पक्षातूनही होता. त्या लोकांनी लॉट यांच्या मनात डोकावलं नव्हतं. वाक्य ऐकलं होतं.

उलट उदाहरणही आहे. जुलै १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतले अपक्ष रॉस पेरो कृष्णवर्णीयांच्या सभेत 'तुम्ही लोक' म्हणाले आणि सभा दुखावली. त्यांना दुखवायचं नसावं, असंच मला वाटतं. पण मुख्य म्हणजे, त्या शब्दांत दुसऱ्या कुणाला दिलेला छुपा इशारा नव्हता, म्हणून त्यांना मी नेशोबाच्या रांगेत बसवणार नाही.

'मग विकेंद्रीकरणावर बोलायचंच नाही का?' असं तुम्ही शेवटी विचारलंय. बोलावं की, खुशाल. नेशोबातही बोलता आलं असतं, त्या तिघांची नावं आधी घेऊन.